नाव जड झालं म्हणून

रविवार, १७ मार्च २०१९. अठ्ठावीस लाख पासष्ट हजार रुपिया. एवढा खर्च करून पाक विनोतोंनी त्या दिवशी आपल्या सत्तावीस वर्षांच्या मुलाचं नाव बदललं. तीन लग्नांची कमाई एका दुपारीत गेली, पण त्यांना त्याचं दुःख नव्हतं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच ते त्या दिवशी गल्लीत मान वर करून हिंडले.

पाक विनोतो जावा बेटावर, क्लातेनच्या आसपासच्या गावांत लग्नाचं निवेदन करायचे. तिकडे बापाला आणि वडीलधाऱ्या पुरुषाला पाक म्हणतात, आईला आणि मोठ्या बाईला बू. नवरी मांडवात शिरल्यापासून शेवटचा पाहुणा जेवून उठेपर्यंत जे जे घडतं ते माइकवरून, जुन्या दरबारी जावानीत, सुरात आणि सजवून सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या तोंडून नवरी कधी नुसती चालत आली नाही. 'जिच्या पावलांपुढे चांदणंही संकोचतं, ती' अशीच ती यायची. ऐकणाऱ्यांना त्यातलं निम्मं कळत नसे. कळत नसे म्हणूनच लोक माना डोलवायचे.

ते स्वतः जन्माचे क्लिवोन. बुधवारी जन्मला म्हणून बुध्या म्हणावं, तसं बाजाराच्या वारावरून पडलेलं नाव. लग्नात रीतीप्रमाणे मोठेपणीचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी विनोतो हे नाव घेतलं आणि क्लिवोन कायमचा पुसून टाकला. पुढे पुष्कळ वर्षांनी एकच मुलगा झाला. त्याचं नाव त्यांनी ठेवलं जगद विराटामा. जगातला श्रेष्ठ वीर. सासरे पाळण्यात डोकावून म्हणाले होते, "एवढंसं पोर, अन् नाव केवढं! झेपेल का त्याला?" विनोतो हसले होते.

झेपलं, असंच सगळ्यांना वाटत होतं. जगद सेमारांगला स्थापत्य शिकला, जकार्तात एका बांधकाम कंपनीत लागला, दर ईदला घरी येताना आईला कापड आणि बापाला घड्याळ आणू लागला. मग एका ऑक्टोबरात तो ईद नसताना आला. "रजा आहे," म्हणाला आणि मागच्या खोलीत जाऊन झोपला. रजा संपली असेल, तरी तो उठला नाही. अंघोळ सांगावी लागे. ताट नेलं तसं परत येई. आई, बू रत्मी, उशाशी बसून विचारायची, "काय होतंय, ले?" तो म्हणायचा, "काही नाही, बू. काहीच होत नाही." एकदा म्हणाला, "माझा भात शिजवत जाऊ नका. वाया जातो."

बू रत्मीनं ओळखलं, पोराच्या अंगात वारा शिरलाय. तेल लावून, तांब्याच्या नाण्यानं पाठ खरवडून वारा काढतात, तसा तिनं काढला. पाठीवर लाल पट्टे उमटले की तिला बरं वाटे. "बघा, केवढा वारा होता." आठवड्यानं पुन्हा काढी. शेजाऱ्यांना पाक विनोतो सांगत, "पित्त आहे. जकार्ताचं खाणं." त्या मुलखात वारा आणि पित्त ही दोन कारणं दिली की तिसरं कुणी विचारत नाही.

नोव्हेंबरात ते जगदला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले होते. तरुण डॉक्टरांनी दार लावून जगदशी बराच वेळ बोलून घेतलं, मग त्याला बाहेर बसवून बापाला आत घेतलं. म्हणाले, "पोटाचं काही नाही. मनाचा आजार आहे, नैराश्य, आणि चांगलंच खोलवर. जिल्ह्याच्या रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग आहे, तिकडे न्या. आठवडाभरात न्या." पाक विनोतो "हो हो" म्हणाले. बाहेर येताना त्यांना दिसत होता तो त्या विभागाचा व्हरांडा. क्लातेनमधलं कोणीही कोणाच्याही बाळंतपणाला गेलं की त्याच व्हरांड्यावरून जातं. बाकांवर कोण बसलंय ते सगळे बघतात. आणि मांडवात शुभ बोलणारा माणूस लोकांना शुभ घरातलाच लागतो.

घरी बू रत्मीनं विचारलं, "काय म्हणाले?"

"पित्त," पाक विनोतो म्हणाले.

जगद दारातच उभा होता. त्यानं बापाकडे पाहिलं आणि तो आत गेला.

मग फेब्रुवारीत मोदिनांनी वाट दाखवली. पाक मुख्सिन हे मशिदीचे मोदिन. बारशापासून कबरीपर्यंत गावाची दुवा तेच सांगायचे. चहा पिता पिता म्हणाले, "पाक विनोतो, मला तर वाटतं, पोराला नाव जड झालंय. माझ्या आतेभावाचं असंच होतं. आर्जुन नाव, आणि सारखा तापानं फणफणलेला. नाव बदलून पाइमिन केलं, आता तीन ट्रक आहेत त्याचे."

पाक विनोतोंना हायसं वाटलं. नाव जड होणं यात लाज नव्हती. उलट, त्यात थोडा मोठेपणाच होता. बापानं फार मोठं नाव दिलं, एवढाच दोष. जगदला त्यांनी विचारलं नाही. सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तुम्हाला बरं वाटेल ते करा, पाक."

अशी ती मार्चची दुपार आली. पुढच्या पडवीत चटया अंथरल्या, गल्लीतले चाळीसेक पुरुष मांडी घालून बसले. मधोमध तांबडी-पांढरी पेज, कोंबड्या, भाताचा डोंगर. बू रत्मीनं जगदला न्हाऊ घालून बाटिकचा शर्ट चढवला होता. तो बापाशेजारी बसला, ताटलीकडे बघत.

दुवा झाल्यावर मोदिन म्हणाले, "तर मंडळी, आजपासून या पोराचं नाव स्लामेत. स्लामेत म्हणजे सुखरूप. जुनं नाव कुणी घ्यायचं नाही. तुम्ही साक्षी आहात?"

"साक्षी," सगळे एका आवाजात म्हणाले.

बदकं पाळणारा पाक पार्दी मागून म्हणाला, "नाव हलकं केलंत ते बरं झालं. आता बरकतीची परडी तेवढी जड द्या."

सगळे हसले. पाक विनोतोही हसले. घरी न्यायच्या जेवणाच्या परड्या उचलून लोक आपापल्या घरी गेले. चटया गुंडाळताना जगद म्हणाला, "पाक, माझ्यानं पेललं नाही, हे मला एकट्यालाच माहीत होतं. तुम्ही चाळीस जणांना साक्षी ठेवलंत."

"अरे, नाव पेललं नाही. तुझ्याबद्दल कोण बोलतंय?"

"बरं," जगद म्हणाला आणि चटई भिंतीला उभी करून ठेवली.

गाव रीतीनं वागलं. कुंपणावरून आवाज यायचा, "काय स्लामेत, जेवलास का?" आतून उत्तर यायचं नाही. पाक विनोतो म्हणायचे, "सवय व्हायचीय." नवं नाव घरात रुळावं म्हणून ते स्वतःही मोठ्यानं हाका मारत. बू रत्मीला मात्र जमेना. ती दोन्ही नावं टाळून नुसतं "ले" म्हणायची. सगळीच आई-बापं पोराला तसं म्हणतात, त्यात कुणाला काही दिसायचं नाही.

एप्रिलात शेजारच्या तालुक्यात एक लग्न होतं. नवरा-नवरी आईबापाच्या गुडघ्यांवर डोकं ठेवतात, तो प्रसंग आला. याच ठिकाणी पाक विनोतोंचा गळा सगळ्यात जास्त रंगायचा. त्यांनी सुरुवात केली, "समुद्राला तळ आहे, आभाळाला कड आहे, परंतु जन्मदात्यांच्या मायेला..." आणि समोरच्या चौरंगावर ठेवलेला फोन उजळला. रत्मीचं नाव. फोन विझला, पुन्हा उजळला. पाक विनोतोंनी बोलता बोलता तो पालथा घातला. नवरीची आई रडत होती, व्हिडिओवाला जवळ आला होता. असा प्रसंग अर्धा सोडायचा नसतो. त्यांनी पूर्ण केला. नेहमीपेक्षा जरा लांबवलाही.

मग फोन उलटा केला. 'जगद घरात नाही. सगळीकडे बघितलं. उचला.'

माइक वाद्यवाल्याच्या हातात देऊन ते स्कूटरवर बसले. अंगात लग्नाचा काळा अंगरखा, डोक्याला फेटा, पाठीला क्रिस, म्हणजे मानाचा नागमोडी खंजीर. रस्त्यावरच्या पोरांनी "नवरदेव पळाला" म्हणून टाळ्या पिटल्या.

जगद गावाबाहेरच्या बंधाऱ्यावर सापडला. पाक पार्दी त्याच्या अगदी शेजारी बसला होता, एक हात त्याच्या शर्टात गुंतवून, दुसऱ्या हातात विझलेली विडी. कापलेल्या भातखाचरांत बदकं वाट्टेल तिकडे पांगली होती. बू रत्मी मागून धावत येत होती.

आईबापांनी मिळून जगदला उठवलं. आई त्याला धरून बांधावरून चालायला लागली. पाक पार्दीनं विनोतोंना थांबवलं.

"पाक, एक सांगतो, राग मानू नका. तो कठड्याच्या पलीकडे उभा होता. मी लांब होतो, बदकांत. 'स्लामेत, ए स्लामेत' म्हणून घसा फोडला. त्याचं लक्षच नाही. दुसऱ्याच कुणाला तरी बोलावतायत असं वाटलं असेल त्याला. मग मी 'जगद' म्हणून ओरडलो. तेव्हा वळला. वळला म्हणून मला पोचता आलं." तो जरा घुटमळला. "साक्षी राहून रीत मोडली मी."

 पाक विनोतोंनी फेटा काढून हातात घेतला आणि ते खाचरात उतरून पार्दीची बदकं गोळा करायला लागले. अंगरख्यासकट. पार्दी म्हणाला, "राहू द्या हो, येतात ती आपली आपण," तरी ते वाकून हाकत राहिले. त्यांना घराकडे तोंड करायचं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी बू रत्मीला नोव्हेंबरातली गोष्ट सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"नोव्हेंबरात सांगितलं होतं डॉक्टरनी?"

"हो."

"आणि मी त्याची पाठ सोलत बसले. तुम्ही तेल आणून देत होतात."

 मग तीच म्हणाली, "उद्या जायचं. त्याच रुग्णालयात. योग्याकार्ताला नेऊ, तिकडे कुणी ओळखत नाही, असलं काही बोललात तर मी एकटी नेईन त्याला."

ते तसंच बोलणार होते.

व्हरांड्यात पाक विनोतो टोपी नाकापर्यंत ओढून आणि स्कूटरवर लावतात ती पट्टी तोंडाला बांधून बसले. शेजारच्या बाकावरचा एक माणूसही तसाच बसला होता. दोघांनी एकमेकांकडे न बघण्याची काळजी घेतली. जगद मात्र उघड्या तोंडानं बसला होता. लपवण्याइतकी ताकद त्याच्यात नव्हती.

डॉक्टर एंदा पन्नाशीच्या, आवाजानं करड्या. कार्डावर बघून म्हणाल्या, "जगद विराटामा. घरी काय म्हणून हाक मारतात?"

बू रत्मीनं नवऱ्याकडे पाहिलं. पाक विनोतोंनी घसा साफ केला, "ते असं आहे, डॉक्टर, मध्यंतरी एका विशिष्ट परिस्थितीत, वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने..."

"मी त्याला विचारलं."

"जगद," जगद म्हणाला.

मग त्यांनी आईबापांना बाहेर बसवलं आणि बऱ्याच वेळानं परत आत घेतलं. गोळ्या रोज, आईच्या ताब्यात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतील. तोवर त्याला एकटं ठेवायचं नाही. बरा दिसायला लागला तरी मनानं गोळ्या थांबवायच्या नाहीत. पाक विनोतोंनी विचारलं, "आमच्याकडून काही चुकलं का, डॉक्टर? वाढवण्यात?"

"आजार तुमच्यामुळे झालेला नाही," डॉक्टर म्हणाल्या. "उशीर तुमच्यामुळे झाला."

त्या दिवसापासून पाक विनोतोंनी लग्नं कमी केली. बू रत्मी शिवणाला बसली की ते मागच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसत. बोलायला काही सुचत नसे. मांडवात ज्याला तासन्तास शब्द पुरत, तो माणूस घरात "पाणी हवं?" याच्यापुढे जात नसे. कधी कधी दोघं रेडिओ ऐकत. एकदा जगदनं विचारलं, "तुम्ही कंटाळत नाही का, पाक?" ते खोटं बोलले, "नाही."

रोज्यांचा महिना आला. सुरुवातीला काही फरक नव्हता. मग जगद सकाळी आपण होऊन तोंड धुवायला लागला. एकदा अख्खं ताट संपवलं. बू रत्मी ते रिकामं ताट हातात धरून स्वयंपाकघरात उभीच राहिली.

ईदच्या आदल्या दिवशी जगद म्हणाला, "पाक, एक मागू?"

ऑक्टोबरापासून त्यानं काही मागितलं नव्हतं. पाक विनोतो खुर्चीत सरळ झाले. "माग ना, ले."

"माझं नाव परत आणा. लोक कुंपणावरून स्लामेतला हाका मारतात. तो कोण आहे मला ठाऊक नाही. त्याच्या गोळ्या मी घेतोय असं वाटतं."

पाक विनोतो मोदिनांकडे गेले. पाक मुख्सिन ईदच्या गडबडीत होते. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, नाव म्हणजे काय चप्पल आहे का, मशिदीबाहेर चुकून दुसरी घातली, आता परत द्या? चाळीस माणसं जेवून गेली त्या नावावर. आजवर बदललेलं नाव कुणी परत घेतलेलं नाही या गावात. कारण काय सांगणार?"

"तेच तर."

मोदिन दाढी खाजवत राहिले. मग चेहरा उजळला. "असं करा की. पोरगा बरा झाला म्हणा. नव्या नावानं काम केलं, आता जुनं पेलायची ताकद आली. शोभतं. नावाचीही अब्रू राहते, माझीही, तुमचीही."

खरंच शोभत होतं. पाक विनोतोंनी ते घरी येईपर्यंत मनात सुबक घोळवलं. ईदच्या दिवशी तसंही सगळं गाव घरोघर फिरून 'आत-बाहेरच्या साऱ्या चुका माफ करा' म्हणत असतं. नवा सदरा घालून ते एकेका घरी गेले, हात हातात घेतले, माफी मागितली, आणि मग हळूच जोडलं, "ईश्वरकृपेनं चिरंजीव आता पूर्ण बरे आहेत. जुनं नाव परत धारण करताहेत." लोकांनी आनंदानं पाठ थोपटली. पाक हार्जो, ज्यांच्या मुलीचं लग्न दोन महिन्यांवर होतं आणि निवेदन विनोतोंकडे होतं, म्हणाले, "वा! शकुन झाला." सगळं इतकं सोपं गेलं की परतताना पाक विनोतो शीळ घालत होते.

दुसऱ्या दिवसापासून गाव त्यांच्या घरी आलं. पित्त होतं तेव्हा ज्याच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं, तो बरा झालाय म्हटल्यावर भेटायलाच हवं.

"अरे जगद, बाहेर ये की. बरा झालास ना?"

"जकार्ताला परत कधी?"

"नोकरी धरून ठेवलीय का सायबानं?"

"आता लग्नाचंच बघा, बू रत्मी. घरात निवेदक फुकटचा आहे."

जगद पहिल्या दिवशी बाहेर येऊन बसला. घामानं शर्ट भिजेपर्यंत बसला. दुसऱ्या दिवशी अर्धा वेळ बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं खोलीचं दार लावून घेतलं. आठवडाअखेर बू रत्मी सकाळची गोळी घेऊन गेली तर म्हणाला, "कशाला, बू? मी बरा झालोय. गावाला विचार."

"ले, असं नको करू."

"बरा होऊनही मी असाच असेन, तर मग यापुढे काय उरलं? पाकनी सांगितलंय ना सगळ्यांना. ते खोटं कसं बोलतील, ईदच्या दिवशी?"

ती गोळी तिनं बाहेर आणून नवऱ्याच्या तळहातावर ठेवली आणि मशीनवर जाऊन बसली. मशीन मात्र चालवलं नाही.

पाक विनोतो त्या पांढऱ्या गोळीकडे बघत राहिले. जगद आत आहे, दार लावलेलं आहे, आणि पुन्हा बंधाऱ्याची वेळ आली तर पार्दीची बदकं त्याच बाजूला असतील असं नाही, एवढं त्यांना कळत होतं. गोळी त्यांनी बशीत ठेवली, दारावर टकटक केली आणि म्हणाले, "जगद, मी खोटं बोललो. ईदच्या दिवशीही. नोव्हेंबरातही, तुझ्यादेखत. आता जाऊन खरं सांगून येतो. तोवर आईला आत बसू दे."

 आतली कडी निघाली, आणि बू रत्मी आत गेली.

भर सकाळी, घरातल्या जुन्या सदऱ्यावरच, ते निघाले. आधी मोदिन. मनातल्या मनात त्यांनी दरबारी भाषेत दोन-तीन सुरुवाती जुळवल्या होत्या. दारात मोदिन दिसल्यावर एकही आठवली नाही.

"पाक मुख्सिन, पोरगा बरा नाही. त्याला मनाचा आजार आहे. रुग्णालयात औषध चालू आहे. मला नोव्हेंबरापासून माहीत होतं. नाव जड नव्हतं. मी तुम्हाला पित्त सांगितलं, आणि तुम्ही सांगितलेलं मला सोयीचं पडलं."

 "मला वाटलं मी मदत करतोय," मोदिन म्हणाले. "दुवा काय मागू?"

"औषध लागू पडू दे, अशी मागा. त्याचं नाव घेऊन. जगद."

दुसऱ्या घरी म्हातारीला ऐकू कमी यायचं. तिला तेच वाक्य तीनदा, दर वेळी मोठ्यानं सांगावं लागलं. तिसऱ्या वेळी अख्ख्या गल्लीनं ऐकलं. पाक विनोतोंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. म्हातारी म्हणाली, "एवढंच ना? माझ्या नवऱ्याला होता. आम्ही म्हणायचो, बोलत नाही फारसा."

पाक हार्जोंनी बसायला सांगितलं नाही. फाटकातच ऐकून घेतलं. "वाईट वाटलं ऐकून, पाक," ते म्हणाले. "पोरीच्या लग्नाचं... म्हणजे माझं काही नाही. पण व्याही मंडळी जुन्या वळणाची. आपण बघू."

"बघा," पाक विनोतो म्हणाले. बघणार नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. काही पावलं गेल्यावर त्यांना जाणवलं की आपण मान खाली घालून चालतोय. ती वर करायचा त्यांनी प्रयत्न केला, जमलं नाही. तसेच पुढच्या घरी गेले.

पाक पार्दी बदकांना कोंडा कालवत होता. अर्ध्या वाक्यातच म्हणाला, "माहितीय हो. माझ्या बदकांनाही माहितीय. दुसरं काहीतरी बोला."

"दुसरं काही नाही माझ्याकडे."

"मग जगदला संध्याकाळी इकडे पाठवा. बोलायचं नाही काही. बदकं हाकायला माणूस हवाय. एकटा नको म्हणत असतील डॉक्टर तर तुम्हीही या, पण त्या दिवशीसारखं हाकू नका. दोन अजून सापडली नाहीयेत."

पाक विनोतोंना हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. त्यांनी पाठ फिरवली. पार्दीनं कोंड्याच्या बादलीत लक्ष घातलं.

शेवटची बू मर्सियेमची टपरी. ती मुद्दामच शेवटी ठेवली होती, कारण तिला सांगणं म्हणजे पुढच्या तीन गावांना सांगणं. कढईत केळ्याची भजी तळत होती, बाकावर दोन गिऱ्हाइकं होती. पाक विनोतो ती जाण्याची वाट बघत उभे राहिले. ती जाईनात. मग त्यांनी तसंच, त्यांच्यासमोर सांगितलं.

"मनाचा आजार म्हणजे?" बू मर्सियेमनं झारा हातात धरून विचारलं. "वेड?"

"वेड नाही. नैराश्य. जगावंसं वाटत नाही असा आजार आहे. गोळ्या आहेत त्याच्यावर. वेळ लागतो. तो बरा झाला असं मी सांगितलं होतं ते खोटं होतं. लोक त्याला बरा समजून बोलतात, त्यानं त्याला त्रास होतो."

बाकावरचे दोघे चहाच्या ग्लासात बघायला लागले. बू मर्सियेमनं कढईतली भजी काढली, निथळली, पुन्हा कढईकडे बघत म्हणाली, "म्हणजे मी काल दारात जाऊन लग्नाचं बोलले ते..."

"हो."

"आधी सांगायचं होतंत, पाक."

"हो."

तिनं केळीच्या पानात सहा भजी गुंडाळली आणि पुढे केली. पाक विनोतोंनी खिसे चाचपले. जुन्या सदऱ्यात पाकीट नव्हतं.

"नंतर द्या. गरम आहेत तोवर न्या," ती म्हणाली. मग झारा त्यांच्यावर रोखून, "माझ्याकडून म्हणून नका सांगू. फुकट नाहीयेत."

घरी मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. जगद भिंतीला टेकून बसला होता, आई शेजारी. पाक विनोतो खुर्चीवर न बसता जमिनीवर बसले आणि कुठल्या घरी काय झालं ते सगळं सांगितलं. न सजवता. हार्जोंचंही सांगितलं. कानानं अधू म्हातारीचं सांगताना जगदच्या तोंडाचा कोपरा जरा हलला; हसू म्हणण्याइतका नाही.

"हार्जोंचं लग्न गेलं म्हणजे," तो म्हणाला.

"गेलं."

"माझ्यामुळे."

"नाही. मी खोटं बोललो होतो. त्यामुळे."

जगद बराच वेळ बापाकडे बघत राहिला. त्याचा विश्वास बसला की नाही, हे पाक विनोतोंना कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. मग त्यानं आईपुढे हात केला. बू रत्मीनं बशीतली गोळी दिली, पाणी दिलं. त्यानं ती घेतली. पानातलं एक भजं उचललं, अर्धं खाल्लं, अर्धं परत ठेवलं.

संध्याकाळी बापलेक पार्दीच्या खाचराकडे गेले. बदकं हाकली. 

गोळ्या चालू आहेत. पाक हार्जोंच्या मुलीच्या लग्नात दुसऱ्याच निवेदकाला बोलावलं. बू मर्सियेमच्या टपरीचे भज्यांचे सहा हजार रुपिया अजून द्यायचे आहेत.